पोर्टचे कागद

माझ्या दुकानात बोअरिंग मशिनच्या मागं एक लाकडी कपाट आहे आणि त्यात मामांची वही आहे. तिच्यात लिहिलेलं थोडं, चिकटवलेलं जास्त. दर पानाला एक तेलकट कागद आणि त्यावर काळपट रेघांनी उमटलेल्या खिडक्या. मधे एक मोठी, कोपरे गोल असलेली, आणि तिच्या दोन्ही अंगांना, जरा खाली, लहान लहान. हे टू-स्ट्रोक इंजिनाच्या सिलिंडरचे ठसे आहेत. साधा कागद गुंडाळून सिलिंडरमध्ये सोडायचा, भिंतीला चिकटून बसू द्यायचा आणि कार्बननं माखलेलं बोट पोर्टच्या कडेकडेनं फिरवायचं. कड असेल तिथं रेघ उमटते. कागद बाहेर काढून सपाट केला की सिलिंडरच्या पोटातली सगळी मांडणी टेबलावर. ठशाखाली शाईनं तारीख, गाडी, सिलिंडरच्या वरच्या तोंडापासून प्रत्येक पोर्टचं अंतर आणि कार्बोरेटरच्या जेटचा नंबर. काही पानांच्या कोपऱ्यात लाल फुली. फुली म्हणजे ती गाडी पिस्टन चिकटून परत आली.

पहिला ठसा १९८६चा, शेवटचा २००४चा. या अठरा वर्षांत कोल्हापुरात मोटरसायकली पळवायचं जे वेड होतं, त्याची याहून खरी नोंद मी पाहिलेली नाही. म्हणून वही उघडी ठेवूनच लिहायला बसलो आहे.

पण ही गोष्ट खरी सुरू होते ती नदीकाठी. आमच्याकडं ऊस आहे, आणि उसाचं पाणी खाली नदीच्या पात्रात. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीच्या धरणाचं काम काढलं, पुढं नद्यांवर ठिकठिकाणी बंधारे झाले. पावसाळा सरला की दगडी खांबांमध्ये फळ्या घालून पाणी अडवायचं. या बांधणीला सगळीकडं ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणूनच ओळखतात. अडवलेलं पाणी वर शेतात चढवायला ऑइल इंजिन लागायचं, आणि गुऱ्हाळाचा चरकही त्याच इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. साताऱ्यात १९२२ साली सुरू झालेल्या कूपर कारखान्यानं १९३०च्या दशकात डिझेल इंजिन तयार केलं होतं. पुण्याला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. ही इंजिनं गावोगाव गेली. आणि जिथं इंजिन जातं तिथं कधी ना कधी पिस्टन झिजतो, रिंगा जातात, लायनर खराब होतो.

ते दुरुस्त करायला शिवाजी उद्यमनगर होतं. ओतकाम, लेथ, बोअरिंग, होनिंग, व्हाइट मेटलच्या बेअरिंगा ओतणं, सगळं चार गल्ल्यांत. भोगावतीकाठच्या गावातनं आलेले माझे मामा तिथंच हेल्पर म्हणून लागले, मेस्त्री झाले आणि पुढं स्वतःचं बोअरिंगचं दुकान टाकलं. त्यांचं सगळं शिक्षण पाण्याच्या इंजिनावर झालं. लिस्टर पद्धतीचं ते अवजड इंजिन मिनिटाला ६५० फेरे घेतं, रात्रंदिवस चालतं आणि मे महिन्यात बंद पडलं तर आठवड्याभरात ऊस माना टाकतो. मामांच्या बोलण्यात त्या काळची भीती शेवटपर्यंत होती. “इंजिन हळू चालंल तर चालू दे. थांबलं तर शेतकरी दारात येऊन बसतोय,” असं ते म्हणायचे. माझं मत असं की कोल्हापुरात पुढं जी वेगवान आणि तरी टिकणारी मोटरसायकलची इंजिनं तयार झाली, त्यांची मुळं या भीतीत आहेत. जेमतेम चाळीस मिनिटांच्या शर्यतीसाठी काम करणाऱ्या माणसाला ही भीती माहीत नसते.

गाड्या सुरुवातीला कमीच. मैसूरला १९६१ पासून जावा बनायला लागली, मग येझदी. राजदूत म्हणजे पोलंडच्या एसएचएल गाडीचं भारतीय रूप, आणि आमच्याकडं ती दुधाची गाडी. दोन्ही बाजूंना कॅनी लावून पहाटे डेअरीकडं निघालेल्या राजदूतांची रांग मला लहानपणापासून आठवते. या सगळ्या टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोकचं इंजिन मेस्त्रीला आवडतं, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही. हलणारे मुख्य भाग तीन: पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. फोर-स्ट्रोकसारखे वाल्व, कॅम, टायमिंगची साखळी नाही. आत येणं, बाहेर जाणं, सगळं सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांतून, आणि ती भोकं उघडण्या-मिटण्याचं काम वर-खाली जाणारा पिस्टनच करतो. म्हणजे भोक जरा वर नेलं, जरा रुंद केलं, की इंजिनाचा स्वभावच बदलतो. हातात कानस असलेल्या माणसाला याहून मोठा मोह नाही.

तो मोह अंगात शिरला १९८३ नंतर. त्या वर्षी एस्कॉर्ट्सनं यामाहाची आरडी ३५० ‘राजदूत ३५०’ म्हणून आणली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर. जास्त ताकदीच्या मॉडेलला साडेतीस बीएचपी. बुलेटला राजा मानणाऱ्या शहरात ती आली तेव्हा लोक नुसतं बघत राहिले. पण पेट्रोल फार प्यायची, सुटे भाग महाग, आणि घेणारा पैसेवालाच लागायचा. १९९०च्या सुमारास ती बंदही झाली. आमच्या वहीत तिचे ठसे मोजून चार.

वही भरली ती आरएक्स १००नं. १९८४ ते १९८६ या दोन-तीन वर्षांत शंभर सीसीच्या चार जपानी गाड्या देशात आल्या: इंड-सुझुकीची एएक्स १००, हिरो होंडाची सीडी १००, कावासाकी बजाजची केबी १०० आणि यामाहाची आरएक्स १००. होंडा घरी नेली ती जमाखर्च मांडणाऱ्यांनी. यामाहा नेली पोरांनी. ९८ सीसी, ७५०० फेऱ्यांना ११ बीएचपी, आणि वजन शंभर किलोच्या आसपास. ताकद आणि वजन यांचं ते गणित त्या किमतीत दुसऱ्या कुणाला जमलेलं नव्हतं. १९८६ मध्ये शाहूपुरीतल्या एका व्यापाऱ्याच्या मुलानं नवीकोरी आरएक्स मामांच्या दुकानात आणली आणि म्हणाला, “मामा, हिला आरडीच्या मागं लावायचीय.” मामांनी हेड उतरवलं, सिलिंडर काढला, आणि कानशीला हात लावायच्या आधी कागद मागितला. तो वहीतला पहिला ठसा. खाली एकच शब्द लिहिला आहे: ‘कंपनी’.

या कंपनीच्या ठशामागं केवढा प्रवास आहे हे मला फार नंतर समजलं. जर्मनीत चोपाऊ नावाचं गाव आहे. तिथं डीकेडब्ल्यूचा कारखाना होता, आणि त्यांची आरटी १२५ ही साधी टू-स्ट्रोक गाडी युद्धानंतर जगानं उचलली. इंग्लंडची बीएसए बँटम, अमेरिकेत हार्लेची हलकी गाडी, रशियाची मॉस्क्वा, सगळ्या तिच्यावरून बेतलेल्या. यामाहानं १९५५ साली आपली पहिली मोटरसायकल वायए-१ बनवली तीसुद्धा तिच्यावरूनच. त्याच चोपाऊत, पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात, वॉल्टर काडेन नावाचा इंजिनिअर बसला होता. युद्धकाळात पीनेम्युंडेच्या रॉकेटच्या कामावर राहिलेला माणूस. सायलेन्सरमधून मागं-पुढं धावणाऱ्या आवाजाच्या लाटा त्यानं ऑसिलोस्कोपवर पाहिल्या आणि त्या लाटांनाच कामाला लावलं.

ते काम सांगायला सोपं आहे. आरएक्स ७५०० फेऱ्यांवर असते तेव्हा पिस्टन सेकंदाला १२५ वेळा वर-खाली होतो. एका फेऱ्याला आठ मिलिसेकंद, त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा ताजं मिश्रण आत यायला मिळतो. या गडबडीत बरंच ताजं मिश्रण जळालेल्या धुराच्या मागोमाग उघड्या एक्झॉस्टमधून बाहेर निसटतं. काडेनच्या सायलेन्सरला, म्हणजे एक्स्पान्शन चेंबरला, आधी रुंद होत जाणारा शंकू असतो. त्यानं धुराला ओढ लागते. पुढं निमुळता होत जाणारा शंकू असतो, त्यावर आपटून लाट उलटी फिरते आणि बाहेर पळालेलं मिश्रण पोर्ट मिटायच्या आत परत सिलिंडरमध्ये ढकलते. पंप नाही, पंखा नाही, नुसत्या पत्र्याच्या आकारावर इंजिन पोटभर जेवतं. १९६१ साली काडेनच्या १२५ सीसी इंजिनानं २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरमागं दोनशे.

ही विद्या उद्यमनगरात आली ती झेरॉक्सवर. गॉर्डन जेनिंग्ज या अमेरिकन लेखकाचं टू-स्ट्रोक ट्यूनिंगवरचं १९७३ सालचं पुस्तक आहे. पॉलिटेक्निकला शिकणाऱ्या एका गिऱ्हाइकानं त्याच्या झेरॉक्स प्रती आणल्या. तो इंग्रजी वाचायचा, मराठीत सांगायचा आणि मामा स्टुलावर बसून ऐकायचे. सूत्रं त्यांच्या डोक्यावरनं गेली, आकृत्या मात्र लगेच कळल्या. शंकूंची मापं काढून ती एका पत्रेवाल्याकडं दिली. हा माणूस गुऱ्हाळाच्या काहिली ठोकणारा. त्याला गोलाईचा पत्रा कसा वाकतो हे हाताला ठाऊक होतं. त्यानं वळवलेले शंकू गॅस वेल्डिंगनं जोडले आणि कोल्हापुरातलं आमच्या माहितीतलं पहिलं एक्स्पान्शन चेंबर रंकाळ्याच्या रस्त्यावर किंचाळत गेलं. लोकांनी कानावर हात घेतले. मामा मात्र प्लग काढून बघत होते. त्यांचा सगळा विश्वास प्लगवर. टोकाचा रंग कोऱ्या चहासारखा असला तर मिश्रण बरोबर. काळा असला तर पेट्रोल जास्त. पांढरा असला तर गाडी जागेवर बंद करायची.

हा पांढरा रंग माझ्या अंगावर आला १९९१ मध्ये. मी अठरा वर्षांचा होतो. मामा गावी गेले होते. मी दादाच्या आरएक्सचं एक्झॉस्ट पोर्ट दीड मिलिमीटर वर घासलं, कडा पॉलिश पेपरनं गुळगुळीत केल्या, चेंबर लावलं आणि कागलच्या रस्त्याला लागलो. गाडी अशी सुटली की मी ओरडलोच. चार-पाच किलोमीटर मूठ पूर्ण पिळलेली. मग टाकीखालून बारीक टिकटिक ऐकू आली, डबीत खडे हलवावेत तशी. मी दुर्लक्ष केलं. पुढच्या क्षणी मागचं चाक जाम झालं. क्लच दाबला म्हणून वाचलो. उसाच्या ट्रॉलीमागून चालत परत आलो, ती गाडी ढकलत.

संध्याकाळी मामांनी सिलिंडर उतरवला. रागावले नाहीत. पिस्टन खिडकीच्या उजेडात धरून माझ्यापुढं केला आणि एक्झॉस्टच्या अंगाला उभे ओरखडे दाखवले. जागोजागी ॲल्युमिनियम वितळून सिलिंडरच्या भिंतीला फासलं गेलं होतं. “जेट कितीचा घातलास?” मी म्हटलं, होता तोच. “वाट मोठी केलीस. इंजिन जास्त हवा घेणार. मग पेट्रोल कोण जास्त देणार? पेट्रोल नुसतं जळत न्हाई, पिस्टन गारपण करतंय.” मग पोर्टची कड माझ्या बोटाला लावली. मी ती गुळगुळीत केली होती, पण चेंफर, म्हणजे कडेला उतार, दिलाच नव्हता. रिंग त्या कडेवर ठेचाळली होती आणि तिचं एक टोक तुटलं होतं. त्यांनी कागद घालून माझ्या कामाचा ठसा घेतला, वहीत चिकटवला आणि लाल पेन माझ्या हातात दिलं. ती फुली माझ्या अक्षरातली आहे.

पुढं वाचलं तेव्हा कळलं की काडेनच्या नशिबीही अशी फुली आली होती. सप्टेंबर १९६१ मध्ये स्वीडनमधल्या क्रिस्टियानस्टाडच्या शर्यतीत त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर १२५ सीसीच्या विश्वविजेतेपदाच्या दारात होता. तिथंच त्याचं इंजिन गेलं. त्यानंतर डेग्नर पूर्व जर्मनीत परतलाच नाही. काडेनची विद्या घेऊन तो सुझुकीकडं गेला आणि १९६२ साली त्यानं ५० सीसीचं विश्वविजेतेपद सुझुकीला मिळवून दिलं. जपानी टू-स्ट्रोकची पुढची सगळी भरारी त्या वाटेनं झाली. जगातलं सगळ्यात वेगवान इंजिन, आणि हवं त्या दिवशी थांबलेलं. हे वाचताना मला कागलचा रस्ता आठवला.

त्यानंतर मी वही नीट वाचायला शिकलो. तिच्यात मामांचा क्रम दिसतो. गाडी आली की पहिला प्रश्न, शर्यतीला का रस्त्याला? मग क्रँक काढून कनेक्टिंग रॉडचा खेळ बघायचा, बेअरिंगा आणि ऑइल सील नवीन टाकायचे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचं सील हवा धरत नसेल तर वरची सगळी कारागिरी वाया, कारण तिथून ओढलेली फुकटची हवा मिश्रण पातळ करते. वहीतल्या निम्म्याहून अधिक फुल्यांखाली ‘सील’ लिहिलं आहे. मग बोअर. पोरांना वाटायचं बोअर मारला की ताकद वाढते. आरएक्सचा बोअर ५० आणि स्ट्रोकही ५० मिलिमीटर. एक मिलिमीटर ओव्हरसाइजपर्यंत गेलात तरी ९८ची गाडी १०२ सीसी होते, चार सीसीचा फरक. बोअर मारायचा तो सिलिंडर गोल आणि सरळ व्हावा म्हणून. पिस्टन आणि भिंत यांच्यात दीड ते दोन थाऊ जागा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. चेंबर लावलेल्या गाडीला मामा अर्धा थाऊ जास्त ठेवायचे, कारण ती जास्त तापणार आणि पिस्टन फुगणार. मग होनिंगच्या तिरक्या रेघा, ज्यांत तेल थांबतं. एवढं झाल्यावर कार्बोरेटर आणि जेट. कानस सगळ्यात शेवटी, आणि तीही रस्त्याच्या गाडीला अर्धा-पाऊण मिलिमीटरच. पोर्ट जितकं वर नेऊ तितकी ताकद वरच्या फेऱ्यांना सरकते आणि खालची ओढ जाते. मग डबलसीट पन्हाळा चढताना गाडी रडते.

हेड घासून कॉम्प्रेशन वाढवण्याच्या बाबतीत ते सगळ्यात कंजूष. आपल्याकडचं पेट्रोल दाब सोसत नाही आणि टिकटिक सुरू होते, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं, पिस्टनच्या माथ्यावर पडलेली भोकं बघून कळलं होतं. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिशाशिवायचं पेट्रोल आलं, त्या वर्षीच्या पानांवर हेडची मापं पुन्हा तपासून बदललेली दिसतात.

शर्यतीचा नाद असलेली काही पोरं मद्रासकडं जायची. तिथं शोलावरमला महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, नंतर १९९०मध्ये इरुंगट्टुकोट्टईला पक्का ट्रॅक झाला. टीव्हीएससारख्या कंपनीची स्वतःची रेसिंग टीम १९८२पासून होती. त्यांच्यापुढं टेम्पोतून दोन गाड्या नेणारी आमची पोरं काय लागणार? जिंकली नाहीत. पण शर्यत पुरी करून गाडी चालू स्थितीत परत आणायची. मामांना त्याचाच आनंद. असल्या पानांवर फुलीऐवजी एक छोटी बरोबरची खूण आहे.

१९९६ साली आरएक्स १०० बंद झाली. धुराचे नियम कडक होत गेले, आणि निसटलेलं ताजं पेट्रोल हवेत सोडणं हा टू-स्ट्रोकचा जन्मजात दोष होता. तो नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. स्टेशन रोडवर संध्याकाळी डोळे चुरचुरायचे. आरएक्स १३५ काही वर्षं राहिली, तीही गेली. २००१मध्ये बजाजची पल्सर आली आणि पोरं फोर-स्ट्रोककडं वळली. २००४मध्ये मामा गेले. मी एकदा पल्सरच्या सिलिंडरमध्ये सवयीनं कागद घातला आणि बोट फिरवलं. भिंतीत भोकच नाही, ठसा कसला उमटणार. तो मी वहीत लावला नाही.

आणि २०११मध्ये एक मुलगा यामाहा आर१५चा सिलिंडर घेऊन आला. २००८साली आलेली ती गाडी: १५० सीसी, पाण्यानं थंड होणारी, चार वाल्व, फ्युएल इंजेक्शन, १७ बीएचपी. पिस्टनवर ओरखडे होते. मी सिलिंडर मशिनवर चढवायला घेतला आणि थांबलो. आत बिडाचा लायनर नव्हता. अख्खा सिलिंडर भरपूर सिलिकॉन घातलेल्या ॲल्युमिनियमचा, त्याला डायासिल म्हणतात. त्याला आमच्या पद्धतीनं बोअर मारता येत नाही. खराब झाला की नवीन घ्यायचा. आज ताकद वाढवायची ती ईसीयूमधल्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या, आकड्यांनी, कॅमनं, मोठ्या थ्रॉटल बॉडीनं. ते काम करणारी हुशार पोरं शहरात आहेत, लॅपटॉप घेऊन बसतात. मी त्यांच्याकडं जाऊन बघतो. पातळ मिश्रण झालं की त्यांचाही पिस्टन जळतोच. फक्त आता प्लगऐवजी सेन्सर बघतात.

माझ्याकडं येतात ते आरएक्सवालेच. वीस-पंचवीस वर्षं पडून असलेली गाडी पोरगा बाहेर काढतो, वडिलांची असते, चारही ओव्हरसाइज संपलेले असतात, आणि पोर्ट कुणीतरी मन मानेल तसं घासलेलं. त्याला ती वडिलांनी घेतली तशी हवी असते. मग नवीन बिडाचा लायनर बसवायचा, पण त्यात पोर्ट कुठं कापायची? गेल्या महिन्यात गारगोटीचा एक मुलगा असाच सिलिंडर घेऊन आला. मी लायनर दाबून बसवला, आतून निळी शाई लावली आणि मामांच्या वहीचं पहिलं पान उघडलं. ‘कंपनी’ लिहिलेल्या कागदावरून ट्रेसिंग केलं, ते गुंडाळून लायनरमध्ये सोडलं आणि सुईनं कडेकडेनं रेघ ओढायला लागलो. तो मुलगा मोबाइलचा टॉर्च धरून उभा होता.